समुद्री सशाची शाई, शेवंडीचे नाक

पाण्यात राहणाऱ्या बहुतेक प्राण्यांना भोवतालचे जग प्रामुख्याने रसायनांतून कळते. गढूळ नदीत हातभर अंतरावरचे दिसत नाही. खोल समुद्रात उजेड पोहोचत नाही आणि रात्री तर उथळ पाण्यातही डोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. रसायने मात्र अंधारातही वाहत राहतात. भक्ष्य कुठे आहे, शत्रू जवळ आला का, जोडीदार कोणत्या दिशेला आहे, जन्मगावची नदी कोणती, या सगळ्याची खबर पाण्यात विरघळलेल्या रेणूंतून मिळते. संरक्षणासाठीही अनेक जलचर हेच रेणू वापरतात.

पाण्यात एकदा सोडलेले रसायन सोडणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. ते शत्रूपर्यंत जाते, भाऊबंदांपर्यंत जाते आणि ज्यांचा काही संबंध नाही अशांपर्यंतही जाते. एकाच रेणूचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीने लावतो. शालेय आणि महाविद्यालयीन जीवशास्त्रात ज्ञानेंद्रिये एका प्रकरणात आणि शत्रूपासून संरक्षण दुसऱ्या प्रकरणात शिकवले जाते. जमिनीवरच्या प्राण्यांपुरती ही विभागणी चालून जाते. जलचरांच्या बाबतीत ती विषयाचा गाभाच दुभंगून टाकते.

पाण्यातला वास आणि हवेतला वास यांत मोठा फरक आहे. हवेत वास येण्यासाठी पदार्थाची वाफ व्हावी लागते, पाण्यात तो विरघळावा लागतो. त्यामुळे माणसाला ज्यांचा वास जवळजवळ येतच नाही अशी ॲमिनो आम्ले माशांना अतिशय तीव्रतेने जाणवतात. प्रथिने ज्या घटकांची बनतात तीच ही आम्ले. जखमी किंवा मेलेल्या प्राण्याच्या शरीरातून ती सतत झिरपत असतात, म्हणून पाण्यात ॲमिनो आम्ले आढळली की जवळपास खाणे आहे असा अर्थ होतो. दुसरा फरक वेगाचा आहे. रेणू आपोआप पसरण्याची क्रिया पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट मंद असते. साहजिकच वास दूर नेण्याचे काम प्रवाहाला करावे लागते आणि प्रवाहातला वास एकसारखा कधीच पसरत नाही. त्याचे पातळ, तुटक धागे होतात. एका क्षणी धागा लागतो आणि पुढच्या क्षणी नुसते पाणी असते. या तुटक खुणांवरून मूळ ठिकाण शोधायचे तर इंद्रियेही त्या तोडीची हवीत.

माशाच्या नाकाचा श्वासाशी संबंध नसतो. श्वसनाचे काम कल्ले करतात. बहुतेक अस्थिमत्स्यांच्या मुस्कटावर प्रत्येक बाजूला दोन छिद्रे दिसतात. पुढच्या छिद्रातून पाणी आत जाते आणि मागच्यातून बाहेर पडते. या दोन्हींच्या मधल्या पोकळीत कातडीच्या बारीक घड्या असतात आणि त्या घड्यांवर गंधपेशी पसरलेल्या असतात. ॲमिनो आम्लांखेरीज पित्तक्षार, न्यूक्लिओटाइडे आणि इतर माशांनी सोडलेली संप्रेरके या पेशींना ओळखता येतात.

चवीचे इंद्रिय तर माशाच्या तोंडापुरते मर्यादितच नसते. मागूर, शिंगाळा यांसारख्या मिशाळ माशांच्या मिशांवर, ओठांवर आणि जवळजवळ सगळ्या कातडीवर रुचिकलिका असतात. माणसाच्या तोंडात त्या काही हजार असतात, तर उत्तर अमेरिकेतल्या चॅनल कॅटफिशच्या अंगावर त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे जाते. चिखलात भक्ष्य शोधताना या माशाच्या शरीराची डावी बाजू आणि उजवी बाजू वेगवेगळी चव घेत असते आणि जिकडे चव जास्त तिकडे मासा वळतो. २०१४ मध्ये जॉन कॅप्रियो आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी समुद्रातल्या एका मिशाळ माशाबद्दल आणखी चकित करणारी गोष्ट प्रसिद्ध केली. वाळूत बीळ करून राहणारा किडा श्वास सोडतो, त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे बिळाच्या तोंडाशी पाणी अगदी किंचित आम्लधर्मी होते आणि तेवढ्यावरून हा मासा अंधारात किड्याचा ठावठिकाणा लावतो. पीएच ०.१ नेही बदलला नसला तरी त्याच्या मिशांना ते समजते.

शार्क माशाबद्दल मात्र अतिशयोक्तीच फार झाली आहे. मैलभर अंतरावरून रक्ताचा एक थेंब हुंगणारा शार्क चित्रपटांनी लोकप्रिय केला. २०१० मध्ये फ्लोरिडातील संशोधकांनी शार्क आणि पाकट वर्गातल्या माशांची घ्राणशक्ती मोजली, तेव्हा ॲमिनो आम्लांच्या बाबतीत ती इतर माशांइतकीच असल्याचे आढळले. शार्कचे खरे कौशल्य वेगळे आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या जेन गार्डिनर आणि येल्ले आटेमा यांच्या प्रयोगात एका छोट्या शार्कच्या दोन नाकपुड्यांत वास वेगवेगळ्या वेळी सोडला गेला. फरक सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापासून अर्ध्या सेकंदापर्यंत असला, तर मासा ज्या बाजूला वास आधी पोहोचला तिकडे वळला. दुसऱ्या बाजूचा वास अधिक तीव्र असतानाही त्याने हेच केले. तुटक धाग्यांच्या पाण्यात तीव्रतेवर भरवसा ठेवता येत नाही, वेळेवर ठेवता येतो.

कोकण किनाऱ्यावर जाळ्यात येणारी शेवंड गंधज्ञानात माशांच्या बरोबरीची आहे. तिच्या डोक्यावरच्या दोन लांब, काटेरी शृंगिका लगेच नजरेत भरतात, पण वास घेण्याचे काम त्यांच्यामधल्या आखूड, दुभंगलेल्या शृंगिका करतात. या छोट्या शृंगिकांच्या टोकाकडे बारीक केसांचा दाट झुपका असतो आणि प्रत्येक केसात शेकडो गंधपेशींची टोके असतात. जिवंत शेवंड थोडा वेळ पाहिली तर तिच्या या शृंगिका झटकन खाली येताना आणि सावकाश वर जाताना दिसतात. ही हालचाल म्हणजे तिचे हुंगणे आहे. कॅलिफोर्नियातील मिमी कोल यांनी या हालचालीतला पाण्याचा प्रवाह मोजला. वेगाने खाली येताना पाणी केसांच्या मधून आरपार जाते, त्यामुळे वासाचा नवा नमुना आत शिरतो. सावकाश वर जाताना तेच पाणी केसांत अडकून राहते आणि गंधपेशींना तो नमुना तपासायला वेळ मिळतो. पुढच्या झटक्याला जुना नमुना बाहेर पडतो. इतक्या साध्या युक्तीने पाण्यासारख्या दाट माध्यमात हुंगता येते, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी एकदा तरी डोळ्यांनी पाहावी अशी आहे.

या नाकाला चकवणारा एक प्राणी खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या डबक्यांत सापडतो. त्याचे नाव समुद्री ससा. नावात ससा असला तरी तो गोगलगाईच्या कुळातला, मऊ अंगाचा मृदुकाय प्राणी आहे. डोक्यावरच्या दोन उभ्या शिंगांमुळे त्याला हे नाव मिळाले. त्याचे कवच उत्क्रांतीच्या ओघात आक्रसून कातडीखालच्या पातळ पत्र्याएवढे उरले आहे. तो चालतो मंद आणि चावत तर नाहीच. तरीही त्याला खाणारे प्राणी थोडेच आहेत.

समुद्री सशाच्या शरीरात दोन वेगळ्या ग्रंथी असतात. एका ग्रंथीत गर्द जांभळी शाई असते आणि दुसरीत ओपलाइन नावाचा पांढरट, चिकट द्रव असतो. प्राण्यावर हल्ला झाला की दोन्ही द्रव एका पोकळीत मिसळतात आणि शत्रूच्या दिशेने बाहेर फेकले जातात. शाईचा रंग सशाच्या अन्नातून येतो. तो लाल शैवाल खातो आणि त्यातले रंगद्रव्य बदलून साठवतो. त्याला फक्त हिरव्या शैवालावर वाढवले तर शाई तयार होत नाही. त्यामुळे शाईवाला ससा आणि बिनशाईचा ससा यांची तुलना करणे संशोधकांना सोपे झाले.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्य विद्यापीठात चार्ल्स डर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे याच शाईवर काम केले. २००५ मध्ये त्यांनी दाखवले की शेवंडीने समुद्री ससा पकडला आणि सशाने शाई सोडली की शेवंड भांबावते. ती पकड सैल करते, पायांनी वाळू उकरू लागते, शाईचा ढगच तोंडाकडे ओढते. इतक्यात ससा निसटतो. शाईचे रासायनिक पृथक्करण केले तेव्हा कारण सापडले. शाईत आणि ओपलाइनमध्ये टॉरिन आणि ॲमिनो आम्ले प्रचंड प्रमाणात असतात. शेवंडीचे नाक ज्या रेणूंना अन्न समजते नेमके तेच रेणू इथे ठासून भरलेले असतात, म्हणून खरे भक्ष्य समोर असताना ती पाण्यात पसरलेल्या खोट्या भक्ष्याच्या मागे लागते.

शाईचे काम एवढ्यावर संपत नाही. चिकट ओपलाइन शेवंडीच्या शृंगिकांवर बसले की त्यांवरील गंधपेशी काही काळ बंद पडतात. शिवाय दोन ग्रंथींचे द्रव मिसळल्यावर एक रासायनिक क्रिया सुरू होते. शाईत एस्केपिन नावाचे विकर असते आणि ओपलाइनमध्ये लायसिन हे ॲमिनो आम्ल असते. ती एकत्र येताच हायड्रोजन पेरॉक्साइड आणि इतर दाहक संयुगे तयार होतात. दोन्ही घटक शरीरात वेगळे ठेवलेले असल्यामुळे सशाला त्यांचा त्रास होत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे याच शाईतले काही घटक आसपासच्या समुद्री सशांना धोक्याची सूचना देतात आणि ते तिथून दूर जातात. एकाच ढगातून शत्रूला भूल, शत्रूच्या नाकाला बोळा आणि नातलगांना इशारा, अशी तीन कामे होतात. संरक्षण आणि गंधज्ञान ही दोन प्रकरणे वेगळी का शिकवू नयेत, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे. हाच प्राणी चेताशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी स्मृतीचा अभ्यास करण्यासाठी निवडला होता आणि त्या कामासाठी त्यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे पाठ्यपुस्तकांत समुद्री ससा येतो तो स्मृतीच्या निमित्ताने. त्याच्या शाईची हकिगत तिथे क्वचितच सापडते.

म्हाकूल आणि ऑक्टोपस यांच्या काळ्या शाईचे काम बव्हंशी डोळ्यांना फसवण्याचे आहे, तरी तिच्यातही रसायनांचा वाटा असतोच. ऑक्टोपसबद्दल अलीकडे समजलेली गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की त्याच्या भुजांवरील चूषकांत स्पर्शाने रसायन ओळखणाऱ्या पेशी असतात. पाण्यात सहज न विरघळणारे पदार्थही त्याला स्पर्शातून चाखता येतात. खडकाच्या फटीत भुजा घालून तो आत काय आहे हे न पाहताच ठरवतो.

अनेक प्राणी आपले विष स्वतः तयार करत नाहीत. कवच नसलेल्या रंगीबेरंगी समुद्री गोगलगाई स्पंज खातात आणि स्पंजातली विषारी संयुगे कातडीत साठवतात. एओलिड प्रकारच्या गोगलगाई तर समुद्रफुले आणि त्यांच्या नात्यातले प्राणी खातात. त्या प्राण्यांच्या दंशपेशींमधल्या विषारी कुप्या न फुटता गोगलगाईच्या पाठीवरच्या उपांगांच्या टोकांपर्यंत पोहोचतात. पुढे कोणी गोगलगाईला तोंड लावले की त्या कुप्या फुटतात. या प्राण्यांनी कवच आधी गमावले आणि मग विष मिळवले, की उलट, हा प्रश्न बराच चर्चिला गेला आहे. जॉन फॉकनर आणि मायकेल गिसेलिन यांनी १९८३ मध्ये असे मत मांडले की रासायनिक संरक्षण आधी आले आणि त्यानंतरच अवजड कवच टाकून देणे परवडले. समुद्री सशाच्या आक्रसलेल्या कवचाकडे पाहिले तर हे मत पटते.

केंड माशाचे विषही मुळात त्याचे नाही. कोकणातले मच्छीमार हा मासा चांगला ओळखतात. जाळ्यातून बाहेर काढला की तो पोट फुगवतो, आणि त्याच्या दातांनी जाळी फाटतात म्हणूनही तो नकोसा असतो. त्याच्या काही जातींच्या यकृतात आणि अंडाशयात टेट्रोडोटॉक्सिन असते. हे नाव जपानी शास्त्रज्ञ योशिझुमी ताहारा यांनी १९०९ मध्ये दिले. हे विष चेतापेशींच्या पटलातील सोडियमचे मार्ग बंद करते. त्यामुळे संदेश थांबतात आणि स्नायू लुळे पडतात. एकदोन मिलिग्रॅम विष माणसाचा जीव घ्यायला पुरेसे असते आणि शिजवल्याने ते नष्ट होत नाही. विषाचे मूळ जीवाणूंत आहे आणि ते अन्नसाखळीतून माशापर्यंत येते. जपानमध्ये नियंत्रित खाद्यावर वाढवलेल्या केंड माशांत ते आढळत नाही. माशाच्या स्वतःच्या सोडियम मार्गांची रचना थोडी बदललेली असल्यामुळे त्याला या विषाची बाधा होत नाही. १९९५ मध्ये जपानमधल्या एका लहान केंडाबद्दल असे प्रसिद्ध झाले की मादीच्या अंड्यांतून झिरपणाऱ्या टेट्रोडोटॉक्सिनकडे नर खेचले जातात. पुढच्या संशोधनातून असे पुढे आले की नराला ज्याचा वास येतो ते संयुग टेट्रोडोटॉक्सिनच्या नात्यातले, पण जवळजवळ बिनविषारी आहे. शत्रूंना दूर ठेवणाऱ्या विषाचाच हा जोडीदार विणीच्या काळात नरांना वाट दाखवतो.

तांबड्या समुद्रातल्या एका लेपटीसारख्या चपट्या माशाने एकेकाळी शार्कपासून बचावाची मोठी आशा निर्माण केली होती. अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञ युजिनी क्लार्क यांना हा मासा हाताळताना त्याच्या परांच्या तळाशी दुधासारखा द्रव दिसला. १९७० च्या दशकातल्या प्रयोगांत शार्क या माशाला तोंडात धरायला गेले आणि जबडा न मिटताच मागे फिरले. द्रवातल्या परिणामकारक प्रथिनाला पार्डॅक्सिन म्हणतात. समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी त्यापासून शार्कला दूर ठेवणारे द्रव्य करण्याचे प्रयत्न झाले, पण ते बाजारात येऊ शकले नाही.

आतापर्यंतची रसायने सोडणाऱ्याच्या फायद्याची होती. जखमी माशातून बाहेर पडणाऱ्या भयद्रव्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. मधमाश्यांच्या नृत्यभाषेसाठी प्रसिद्ध असलेले ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश मिनो या छोट्या माशांच्या ज्ञानेंद्रियांवरही काम करत होते. १९३८ मध्ये त्यांच्या असे लक्षात आले की जखम झालेला एक मासा थव्यात परत सोडला की बाकीचे मासे घाबरून पळतात आणि बराच काळ त्या जागेकडे फिरकत नाहीत. जखमी माशाच्या वागण्यात तसे वेगळे काही नव्हते. फॉन फ्रिश यांनी मग माशाच्या कातडीचा अर्क तयार करून पाण्यात टाकला. थवा तसाच उधळला. कातडीतल्या विशिष्ट पेशी फुटल्यावरच हे द्रव्य बाहेर पडते. अखंड कातडीतून ते झिरपत नाही. फॉन फ्रिश यांनी त्याला श्रेकस्टॉफ, म्हणजे भयद्रव्य, असे नाव दिले.

हे गंधज्ञान मिनो माशापुरते नाही. मिनो ज्या मोठ्या मत्स्यसमूहात येतो त्यातच रोहू, कटला, मृगळ आणि मिशाळ मासेही येतात. गोड्या पाण्यातल्या माशांचा बहुतांश भाग या समूहाने व्यापला आहे आणि भयद्रव्याला दिलेला प्रतिसाद त्यातल्या कितीतरी जातींत नोंदला गेला आहे. भारतीय ओढ्यांत आढळणारा आणि आता जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचलेला झेब्राफिशही याच समूहातला. २०१२ मध्ये सिंगापूरमधील संशोधकांनी त्याच्या कातडीतल्या काँड्रॉइटिन या पदार्थाचे तुकडे भयद्रव्याचा एक भाग असल्याचे दाखवले.

प्रश्न उरतो तो उत्क्रांतीचा. ज्याची कातडी फाटली त्याला या द्रव्याचा उपयोग काय? तो तर बहुधा शत्रूच्या तोंडात असतो. दुसऱ्यांना सावध करण्यासाठी एखाद्या माशाने खास पेशी बाळगाव्यात, हे नैसर्गिक निवडीच्या हिशेबात सहज बसत नाही. या पेशींचे मुख्य काम कातडीला परजीवींपासून आणि इतर इजांपासून वाचवणे हे असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. इजा झाल्यावर त्यातला पदार्थ आपोआप सांडतो आणि इतर माशांनी त्याचा अर्थ लावायला शिकून आपला जीव वाचवला. हे स्पष्टीकरण खरे असेल तर भयद्रव्य हा मुळात संदेश नव्हताच. ऐकणाऱ्यांनी त्याला संदेश बनवले.

शिकारी प्राण्यालाही आपली रसायने लपवता येत नाहीत. डबक्यातली पाणपिसू, म्हणजे डॅफ्निया, मिलिमीटरभर किंवा थोडी मोठी असते. ज्या पाण्यात तिला खाणाऱ्या अळ्या असतात तिथे तिच्या पिलांच्या मानेवर बारीक दाते उगवतात आणि अळीला ती गिळणे जड जाते. अळ्या काढून घेतल्या आणि फक्त त्यांचे पाणी ठेवले तरी दाते उगवतात. म्हणजे पिसूचे शरीर पाण्याची चव घेऊन आपला आकार ठरवते. जर्मनीतील बोखम विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये यामागची संयुगे शोधली. ग्लुटामिन आणि मेदाम्ले यांच्या जोडणीतून झालेली ही संयुगे अळीच्या पचनाशी निगडित आहेत. अळीने ती सोडायचे थांबवले तर तिला अन्नच पचणार नाही. शत्रूच्या पोटातल्या अटळ रसायनावर पाणपिसूने पाळत ठेवली आहे.

पाण्यातल्या वासावरून जन्मस्थानाची वाटही सापडते. साल्मन मासे समुद्रात काही वर्षे काढून अंडी घालायला जन्माच्या ओढ्यात परत येतात. महाराष्ट्रात रावस या माशाला इंग्रजीतून इंडियन साल्मन म्हणतात, पण त्याचा या माशांशी काही संबंध नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे आर्थर हॅस्लर यूटामधल्या डोंगरात भटकत असताना शेवाळ आणि रानफुलांच्या वासाने त्यांना बालपणीच्या आठवणी दाटून आल्या. त्यातून साल्मनही ओढ्याचा वास लक्षात ठेवत असेल, ही कल्पना त्यांना सुचली. १९५१ मध्ये वॉरन विस्बी यांच्यासोबत त्यांनी ती मांडली. पुढे १९७० च्या दशकात त्यांच्या गटाने साल्मनची पिले मॉर्फोलिन नावाच्या कृत्रिम रसायनाच्या सान्निध्यात वाढवून मिशिगन सरोवरात सोडली. ती मोठी झाल्यावर एका वेगळ्याच ओढ्यात मॉर्फोलिन थेंबथेंब सोडले आणि मासे त्या ओढ्यात शिरले. उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांत माशांचे रक्त शोषणाऱ्या लॅम्प्री या प्राण्याच्या बाबतीत हेच ज्ञान उलट वापरले जाते. नर लॅम्प्री सोडतो ते पित्ताम्ल सापळ्यात ठेवून माद्यांना आकर्षित केले जाते.

ज्या प्राण्यांचे जगणे पाण्यातल्या अतिसूक्ष्म रसायनांवर अवलंबून आहे त्यांना माणसाने पाण्यात सोडलेली रसायने मरणाच्या कितीतरी आधी बाधतात. तांब्याचे उदाहरण चांगले अभ्यासले गेले आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या कोहो साल्मनची पिले एका लिटरमध्ये दोन ते वीस मायक्रोग्रॅम तांबे असलेल्या पाण्यात केवळ तीन तास ठेवली, तर त्यांचे नाक मंदावते. भयद्रव्य पाण्यात असूनही ती स्तब्ध होत नाहीत आणि मोठ्या माशांच्या तोंडी सहज पडतात. एवढ्या तांब्याने मासा मरत नाही, म्हणून मेलेले मासे मोजणाऱ्या तपासणीत हा बिघाड दिसतच नाही. तिथल्या ओढ्यांत तांबे येण्याचा एक मार्ग म्हणजे मोटारींच्या ब्रेकची झीज. वॉशिंग्टन राज्याने २०१० मध्ये ब्रेकमधले तांबे टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा कायदा केला. महाराष्ट्रात आणि गोव्यात द्राक्षबागा, सुपारीच्या बागा यांवर मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारले जाते. मोरचूद म्हणजे तांब्याचेच संयुग. सुपारीवरची फवारणी तर पावसाळ्याच्या सुमारास होते. फवारणीचा निचरा ओढ्याकडे जाऊ नये याची काळजी घ्यायला एवढे कारण पुरेसे आहे.

समुद्राच्या वाढत्या आम्लतेमुळे प्रवाळातल्या माशांचे गंधज्ञान बिघडते आणि ते शत्रूच्या वासाकडे ओढले जातात, असे निष्कर्ष २०१० च्या आसपास गाजले. २०२० मध्ये दुसऱ्या एका गटाने अनेक जातींवर तेच प्रयोग पुन्हा केले तेव्हा असा परिणाम जवळजवळ दिसला नाही. वर्गात हा वाद अवश्य सांगावा. पाठ्यपुस्तकातले वाक्य छापले जाण्यापूर्वी कशातून जाते ते त्यातून कळते.

या विषयाच्या प्रात्यक्षिकाला महागडी साधने लागत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्रातली विच्छेदने कमी करण्याच्या सूचना दिल्या. मोकळ्या झालेल्या तासिकांत जिवंत प्राण्यांचे वागणे पाहता येईल. स्वच्छ तळ्यातल्या पाणवनस्पतींच्या पानांखाली हायड्रा सापडतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अभ्यासलेला हायड्राचा स्थानिक वाण आज आंतरराष्ट्रीय शोधनिबंधांत पुण्याच्या नावाने ओळखला जातो. अमेरिकी शास्त्रज्ञ लूमिस यांनी १९५५ मध्ये दाखवले की भक्ष्याच्या जखमेतून झिरपणारे ग्लुटाथायोन हे साधे रसायन हायड्राला तोंड उघडायला लावते. उपाशी हायड्रा असलेल्या काचपात्रात या रसायनाचा अतिविरल द्रव सोडला की भक्ष्य नसतानाही त्याच्या भुजा आत वळतात आणि तोंड उघडते. साध्या सूक्ष्मदर्शकातून हे सहज दिसते.

शाळेत त्याहूनही सोपा प्रयोग करता येतो. माशांचे खाद्य अर्धा तास पाण्यात भिजवून ते पाणी गाळून घ्यावे. एका ड्रॉपरमध्ये हे पाणी आणि दुसऱ्यात टाकीतलेच साधे पाणी भरावे. दोन्हींचा रंग सारखा असावा आणि कोणत्या ड्रॉपरमध्ये काय आहे हे निरीक्षण करणाऱ्या विद्यार्थ्याला ठाऊक नसावे. दोन्ही पाणी एकाच जागी, सारख्याच वेगाने आणि पुरेसे अंतर ठेवून सोडावे आणि मासे किती वेळात शोधू लागतात ते घड्याळावर मोजावे. साधे पाणी सोडल्याशिवाय हा प्रयोग पूर्ण होत नाही, कारण मासे थेंबाच्या हालचालीनेही धावून येतात. किनाऱ्याजवळच्या शाळांनी ओहोटीच्या वेळी मुलांना खडकांवर जरूर न्यावे. समुद्री ससा दिसला तर त्याला डिवचून शाई काढायला लावू नये, कारण ती पुन्हा भरायला त्याला लाल शैवाल खात राहावे लागते आणि तोवर त्याच्याजवळ बचावाचे मोठे साधन उरत नाही.